वनश्री नगरातला पुरातन देव

बन्सीधररावांनी एस.टी.तली सगळी नोकरी बोलण्यात काढली. हुद्दा वाहतूक नियंत्रकाचा, लोकांच्या तोंडी कंट्रोलर. जिंतूर, मानवत, सेलू, पुन्हा जिंतूर असे स्टँड बदलत गेले, पण खिडकीमागचा माइक सुटला नाही. ‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे’ एवढं त्यांनी म्हटलं की अख्खा स्टँड मान वर करायचा. भुईमुगाच्या शेंगा सोलणारे हात थांबायचे, रडणारी लेकरं गप व्हायची. रोज इतकी माणसं आपल्या एका वाक्यावर उठतात आणि पळतात, हे बघत ज्याचं वय गेलं, त्याला रिटायर होणं सोपं जात नाही. घरी बसल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याच ठसक्यात चहा मागितला. कस्तुराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भाजी फोडणीला टाकली, वाफ येईपर्यंत हलवली आणि मग म्हणाल्या, “अवो, चहाची गाडी आज रद्द हाय.”

फंडातून त्यांनी हिवरगव्हाणला घर बांधलं. हिवरगव्हाण म्हणजे येलदरीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. हल्ली नगरपंचायत झाल्यापासून स्वतःला शहर समजतं. गावाच्या कडेला शेतं मोडून प्लॉट पडले आणि त्या प्लॉटांना वनश्री नगर असं नाव मिळालं. वन म्हणावं असं तिथं एक बाभूळ होती, तीही कुणाच्या तरी प्लॉटात आल्यामुळं पहिल्याच वर्षी गेली. नकाशावर मात्र कॉलनीच्या मधोमध हिरवा चौकोन होता आणि त्यात छापलेलं होतं, ‘खुली जागा, बगीचा’. लोक तिला ओपन प्लेस म्हणत. ओपन प्लेसमध्ये गाजरगवत होतं, डुकरं होती, लग्नसराईत मांडव असायचा आणि गणपतीत दहा दिवस स्टेज.

स्टेजवर निवेदनाचं काम ओघानंच बन्सीधररावांकडं आलं. माइक हातात आला आणि माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. ‘भाविकांनी इकडे लक्ष द्यावे’ हे त्यांनी असं काही म्हटलं, की पलीकडच्या धाब्यावरची माणसंसुद्धा ताट सोडून बघायला आली. अकराव्या दिवशी स्टेज उतरवायची वेळ झाली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. ते हेरलं आदिनाथनं. आदिनाथचं चौकात सिमेंट-लोखंडाचं दुकान होतं आणि भक्ती तर इतकी, की तालुक्यात कुठंही मंदिराचा पाया खोदला की त्याचे डोळे भरून यायचे.

“साहेब,” तो म्हणाला, “दरसाली बांधायचं आन्‌ मोडायचं. त्यापरीस कायमचंच करू की. दत्ताचं मंदिर. अध्यक्ष तुमी.”

अध्यक्ष म्हटल्यावर बन्सीधररावांना दत्त महाराजांविषयी पूर्वी कधी वाटला नव्हता इतका जिव्हाळा वाटला.

मंदिर भराभर उठलं. बन्सीधररावांना स्वतःच्या घराला मागं एक बाथरूम वाढवायची होती, तेव्हा नकाशा, इंजिनियरची सही, शेजाऱ्याची संमती, असं सगळं करता करता पावसाळा येऊन गेला होता. देवाला घर बांधायला एक नारळ पुरला. कुणी परवानगी मागितली नाही, कुणी दिली नाही, त्यामुळं कुणी नाकारायचाही प्रश्न आला नाही. जयपुरी संगमरवराची मूर्ती आली, चार दिशांना चार कर्णे आले. पहाटेची काकड आरती बन्सीधरराव स्वतः म्हणू लागले. आवाज पूर्वी एका स्टँडापुरता होता, आता चारी गल्ल्यांना पुरू लागला.

ओपन प्लेसच्या अगदी समोर निवेदिता मॅडमचं घर होतं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. मूळच्या परभणीच्या. घर घेताना एजंटानं त्यांना तो हिरवा चौकोन दाखवला होता, आणि लहानपणी अपार्टमेंटच्या जिन्यात खेळलेल्या या बाईंनी आपल्या मुलीसाठी त्या चौकोनात मनातल्या मनात झोपाळा, घसरगुंडी आणि एक गुलमोहर लावूनही टाकला होता. नकाशावर विश्वास ठेवण्याची ही खोड शिकलेल्या माणसांना असते.

त्या एकदा बन्सीधररावांकडं आल्या. “काका, मी देवाच्या विरोधात नाही. आमच्याही घरी देवघर आहे. पण ही जागा बगीच्यासाठी राखीव आहे.”

“मग बगीच्यातच तर करायलोत, मॅडम,” बन्सीधरराव मोठ्या मनानं म्हणाले. “दोन जास्वंदी लावू, एक तुळस लावू. देवाला फुलं बी झाली, तुमाला बगीचा बी झाला.”

“मुलांनी खेळायचं कुठं?”

“प्रदक्षिणा घालतील की. व्यायामच हाय.”

निवेदिता मॅडमनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. वर्गातलं पोरगं उत्तर चुकलं म्हणून नाही, तर चुकल्यावर वरून हसलंही म्हणून बघतात, तसं. मग घरी जाऊन त्यांनी नगरपंचायतीला तक्रार लिहिली.

तक्रारीला उत्तर येतं असा वनश्री नगरात कुणाचा अनुभव नव्हता. नळाच्या, नालीच्या, डुकरांच्या तक्रारी वर्षानुवर्षं शांतपणे पडून होत्या. पण ही तक्रार का कोण जाणे कुणीतरी वाचली, आणि एके दुपारी मंदिराच्या दारावर नोटीस चिकटली. खुल्या जागेतलं विनापरवाना बांधकाम का काढू नये, याचा खुलासा करा.

मंदिर समितीची बैठक बसली. आदिनाथनं तहसीलच्या आवारात अर्ज लिहून देणाऱ्या एका जाणत्या माणसाला विचारून ठेवलं होतं. त्याच्या मते मार्ग होता. दोन हजार नऊ सालच्या आधीपासूनची जी धार्मिक स्थळं आहेत, त्यांच्याकडं सरकार जरा मायेनं बघतं. ती कायम करता येतात. त्यानंतरची असली की पाडायची.

“पण आपली कॉलनीच त्याच्यानंतरची हाय,” बन्सीधरराव म्हणाले.

“कॉलनी असू द्या हो नंतरची,” आदिनाथ म्हणाला. “देव तर सगळ्यांच्या आधीचाच हाय ना?”

हे सगळ्यांना पटलं. फक्त ही गोष्ट कागदावर कुणीतरी सांगायला हवी होती, आणि ते सांगू शकेल असं माणूस एकच होतं, ते म्हणजे तानुबाई.

वनश्री नगर जिच्यावर वसलं ती जमीन तानुबाईच्या सासऱ्याची. नवरा गेल्यावर पोरांनी प्लॉटवाल्याला विकली आणि पैसे घेऊन एक पुण्याला गेला, एक संभाजीनगरला. तानुबाई कोपऱ्यातल्या एका तुकड्यावर पत्र्याचं घर करून दोन म्हशी सांभाळत राहिली होती. कॉलनीला दूध तिच्याकडून जाई आणि शेणाच्या वासाबद्दल तक्रारही तिच्याचकडं येई.

बन्सीधरराव आणि आदिनाथ गेले तेव्हा ती म्हशीला धूत होती.

“मावशी,” बन्सीधररावांनी आवाज होईल तेवढा मऊ केला, “तुमच्या ह्या वावरात पूर्वी देव होता ना?”

“होता की,” तानुबाई म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आदिनाथनं तर हातच जोडले. इतकं सोपं काम होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“कोणता देव, मावशी?”

“म्हसोबा.”

जोडलेले हात जरा सैल झाले. “दत्त नव्हता का? नीट आठवून बघा,” आदिनाथ म्हणाला.

“वावरात दत्त कामून ठिवल कुणी? राखणीला म्हसोबाच लागतो. बांधावर होता, ह्या तिकडं, जिथं तुमी ते मंदिर केलंय ना, त्याच्या अलीकडं. माझी सासू शेंदूर लावायची, मग मी लावायची. आखाडात कोंबडं द्यायचो. मग ते प्लॉटवाल्याचं जेसीबी आलं आन्‌ बांधच काढून नेला. मी लय वरडले. मुरमासंगं देव बी टाकून आले कुठंतरी.” तिनं बादलीतलं पाणी म्हशीच्या पाठीवर ओतलं. “चार दिस मी त्या ढिगाऱ्यात हुडकत होते. मला कुणी इचारलं न्हाई तव्हा. आता कामून इचारायलाव?”

बन्सीधररावांनी तिला सगळं समजावून सांगितलं, म्हणजे जेवढं समजलं तर काम होईल तेवढंच. तानुबाईनं हात पुसले. तिला सही येत होती, साक्षरतेच्या वर्गात शिकली होती आणि अंगठा लावायला कुणी सांगितलं तर ती रागवायची. सही करण्याआधी तिनं एकच विचारलं.

“म्हंजी त्या मंदिरात आता माझा देव हाय, असं तुमी लिवून घ्यायलाव?”

“व्हय व्हय, मावशी. तुमचाच देव.”

“बरं,” तानुबाई म्हणाली आणि कोऱ्या स्टँप पेपरावर सही केली.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर मागाहून बन्सीधररावांनी स्वतः सांगितला. म्हसोबा हा शब्द त्यांनी टाळला. नुसतं ‘देवस्थान’ ठेवलं. मग त्यांना भरतं आलं. ‘सदर ठिकाणी पूर्वापार पुरातन जागृत देवस्थान असून पंचक्रोशीतील भाविक पिढ्यान्‌पिढ्या तेथे पूजाअर्चा करीत आले आहेत व सदर जमिनीच्या उत्पन्नातून देवाची दिवाबत्ती होत आलेली आहे.’ दिवाबत्तीचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांना आपोआप सुचलं, आणि मोठ्यानं वाचून दाखवल्यावर इतकं भारदस्त वाटलं की ते काढायची कुणाची छाती झाली नाही. समितीनं टाळ्या वाजवल्या. नगरपंचायतीनं प्रतिज्ञापत्र पुढच्या टेबलावर सरकवलं आणि नोटीस थंड पडली. मंदिरावर नवा फलक लागला, ‘अतिप्राचीन जागृत दत्त मंदिर, वनश्री नगर’. फलकाचा रंग अजून ओला होता.

निवेदिता मॅडम फलक वाचून घरात गेल्या आणि त्यांनी खिडकीला जाड पडदा शिवून घेतला.

आखाड लागला. एका मंगळवारी संध्याकाळी आरती ऐन रंगात होती. बन्सीधररावांचे डोळे मिटलेले, माइक ओठांना टेकलेला. अचानक घंटांच्या आवाजात एक भलताच आवाज मिसळला. डोळे उघडले तर तानुबाई. नवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि काखेत लाल तुऱ्याचा एक जबरदस्त कोंबडा. कोंबड्याचं तोंड नेमकं माइकच्या समोर आलं होतं, त्यामुळं त्याचं म्हणणं चारी गल्ल्यांना पोचलं.

आरती थांबली. समितीतल्या बायका मागं सरल्या.

“मावशी, हे काय?” आदिनाथ पुढं आला.

“म्हसोबाला आखाड हाय. इतकी वर्सं ऱ्हायला होता बिचारा.”

“अवो हा शाकाहारी देव हाय! गाभाऱ्यात कोंबडं कुठं आणायलाव?”

“माझा म्हसोबा कव्हापासनं शाकाहारी झाला?” तानुबाईनं आदिनाथला सोडून थेट बन्सीधररावांकडं बघितलं. “कंट्रोलर, तुमीच बोला. ह्यो माझाच देव हाय म्हणून माझी सही घेतलीव का न्हाई?”

बन्सीधररावांच्या हातात माइक होता आणि तो चालू होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माइकपुढं काय बोलावं ते सुचेना. नाही म्हणावं तर प्रतिज्ञापत्र खोटं, आणि ते चार कर्ण्यांतून जाहीर होणार. हो म्हणावं तर दत्ताच्या गाभाऱ्यात सुरी. समोरच्या घराच्या गॅलरीत निवेदिता मॅडम येऊन उभ्या होत्या. जाड पडदा त्यांनी बाजूला सारला होता, आणि खूप दिवसांनी त्यांना वनश्री नगरात राहण्याचं समाधान वाटत होतं.

शेवटी कस्तुराबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला माइक घेतला, बंद केला, तानुबाईला पायरीवर बसवलं. “मावशी, तुमचं बरोबर हाय. पर ही लेकरं भेतील रगत बघून. कोंबडं नुसतं ओवाळा, आन्‌ पुढलं घरी करा. म्हसोबाला समजतंय.”

तानुबाईला माणसासारखं कुणी बोललं की ती ऐकायची. दत्ताच्या आरतीच्या ताटातलं हळदकुंकू कोंबड्याला लागलं. कोंबडा ओवाळला गेला. आदिनाथनं भिंतीकडं तोंड केलं होतं. जाताना तानुबाई म्हणाली, “म्होरल्या आखाडात बोकड बोललेय मी. नातीला नोकरी लागली तर,” आणि समितीतल्या दोघांनी लगेच पुढच्या आखाडाची तारीख बघितली.

त्या बोकडाची काळजी करायला त्यांना फार वेळ मिळाला नाही. तहसीलात एक नवा तरुण साहेब आला होता. त्याला कागद पूर्ण वाचायची सवय होती. टेबलांवरून सरकत सरकत आलेलं प्रतिज्ञापत्र त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, आणि ‘जमिनीच्या उत्पन्नातून दिवाबत्ती’ या शब्दांपाशी थांबला. निजामाच्या राज्यात देवाच्या दिवाबत्तीसाठी जमिनी इनाम दिलेल्या असत. त्याच्या सनदेला मुंतखब म्हणत. अशी जमीन देवाची, ती सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मग ही जमीन प्लॉटवाल्यानं विकत घेतली कशी? त्याचे प्लॉट पाडले कसे? साहेबानं चौकशी लावली, आणि चौकशी होईपर्यंत वनश्री नगरातले खरेदी-विक्रीचे सगळे व्यवहार थांबवले.

हे कळायला वनश्री नगराला दोन-तीन दिवस लागले, आणि समजल्यावर आरतीला कधी नव्हती एवढी गर्दी बन्सीधररावांच्या दारात झाली. कुणाचं घरावरचं कर्ज बँकेनं अडवलं होतं. कुणाच्या वाटणीचा दस्त नोंदवून घेत नव्हते. आदिनाथनं स्वतः कॉलनीत दोन प्लॉट धरून ठेवले होते आणि त्यातल्या एकाची इसार पावती झाली होती. गिऱ्हाईक आता पैसे परत मागत होतं. आदिनाथचे डोळे पुन्हा भरून आले, पण यावेळी कारण वेगळं होतं.

“पुरातन हा शब्द कोणी घातला?” त्यानं विचारलं.

“तुमी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,” बन्सीधरराव म्हणाले.

“टाळ्या वाक्याला वाजवल्या हो. इतकं जुनं करा असं कोण म्हणलं? दोन हजार नऊच्या आधी म्हंजी आठ साल लिवायचं! तुमी थेट निजामात गेलाव!”

“साहेब,” गर्दीतलं कुणीतरी काकुळतीनं म्हणालं, “देव जरासा नवा करता येईल का?”

बन्सीधरराव घरात गेले आणि खुर्चीवर बसून राहिले. जेवले नाहीत. कस्तुराबाईंनी ताट झाकून ठेवलं, टोमणा मारला नाही, त्यावरून त्यांना प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच तानुबाईकडं गेले. “मावशी, एक काम होतं. तिथं देव नव्हता, असं लिवून द्याल का?”

तानुबाई गोवऱ्या रचत होती. ती थांबली. “होता म्हणून सही केली, आता नव्हता म्हणून करू?”

“तेवढ्यानं सगळ्यांची घरं सुटतील.”

“कंट्रोलर, जेसीबीनं नेला तव्हा त्यो ‘नव्हता’ झाला. मग तुमाला गरज पडली तव्हा ‘होता’ झाला. आता पुन्यांदा न्हाई? मी त्याच्या म्होरं नवस बोलत आले इतकी वर्सं. मला त्याला तोंड दावायचंय.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “मी खोटं बोलले का तुमाला? म्हसोबा म्हणले मी. दत्त तुमी घातला, दिवाबत्ती तुमी घातली. त्यो शेंदराचा दगड होता बाबा. त्याला दिवा बी नव्हता, वात बी नव्हती. वर्साकाठी एक कोंबडं, बास.”

बन्सीधररावांनी खाली पडलेली एक गोवरी उचलून तिच्या हातात दिली. ज्या दगडासाठी ही बाई चार दिवस मुरमाचे ढीग उकरत होती, त्याचं नावसुद्धा त्यांनी कागदावर येऊ दिलं नव्हतं. शोभलं नसतं म्हणून. त्यांनी तिला ‘येतो मावशी’ म्हटलं, इतक्या हळू की तिला ते ऐकू गेलं नसावं.

तिथून ते तहसीलात गेले. समितीला विचारलं नाही, अर्ज लिहिणाऱ्यालाही नाही. साहेबासमोर उभं राहून जे होतं ते सांगितलं. बांधावर म्हसोबाचा दगड होता. इनाम नव्हतं, दिवाबत्ती नव्हती, पंचक्रोशीही नव्हती. दत्ताचं मंदिर गेल्या वर्षी बांधलं.

“मग हे पुरातन, जागृत, पिढ्यान्‌पिढ्या?” साहेबानं विचारलं.

“वाक्य वजनदार व्हावं म्हणून, साहेब.”

साहेबानं पेन खाली ठेवलं. “म्हणजे मंदिर बेकायदेशीर आहे, असं अध्यक्षच सांगतायत?”

“व्हय,” बन्सीधरराव म्हणाले. आणि खोटं लिहून दिल्याबद्दल व्हायची ती कारवाई होऊ द्या, असंही म्हणाले. साहेबानं त्यांच्या वयाकडं बघून, तंबी देऊन, जबाब नोंदवून घेतला.

जुनं दप्तर तपासलं गेलं. इनामाची कसलीही नोंद निघाली नाही आणि प्लॉट मोकळे झाले. त्या दिवशी बन्सीधररावांच्या घरी कुणी पेढा घेऊन आलं नाही. पण पाठोपाठ मंदिर काढून टाकण्याची नोटीस अध्यक्षांच्याच जबाबाचा हवाला देऊन आली, तेव्हा सगळे आले. देवद्रोही, असं एकजण म्हणाला. त्याचं घरावरचं कर्ज आदल्याच दिवशी मंजूर झालं होतं. बन्सीधररावांना अध्यक्षपदावरून काढलं आणि आदिनाथ अध्यक्ष झाला. माइकही त्याच्याकडं गेला. त्याचा आवाज चिरका होता, पण श्रद्धेला चाल लागत नाही अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली.

मंदिर पाडलं गेलं का? आपल्याकडं इतक्या घाईनं काही पाडत नाहीत. नियमावली पुन्हा चाळल्यावर असं निघालं, की खुल्या जागेत थोड्याशा भागात वाचनालयासारखं काही करायला मुभा मिळू शकते. आठ दिवसांत ‘अतिप्राचीन’ फलक उतरला आणि ‘सार्वजनिक वाचनालय व ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र’ असा लागला. कर्णे उतरले. कळसावर पाण्याची काळी टाकी उपडी घातली. गाभाऱ्याला पडदा लावला. पंचनाम्याला आलेल्यांनी ‘जागेवर वाचनालय आढळून आले’ असं लिहिलं. पडद्यामागं काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना प्रसाद मात्र मिळाला.

वाचनालय म्हटलं की वाचणारा लागतो, आणि तपासणीला कुणी आलं तर तो दिसायला हवा. वनश्री नगरात ही शिक्षा कोण भोगणार? “तुमच्यापायीच झालं सगळं,” आदिनाथ बन्सीधररावांना म्हणाला, “तुमीच बसा.” म्हणून ते रोज सकाळी दहाला जाऊन बसू लागले. एक वर्तमानपत्र, दहावीची दोन गाइडं, कुणीतरी दिलेलं लोणच्यांचं पुस्तक आणि कुठल्याशा पतसंस्थेचा जुना अहवाल, एवढा ग्रंथसंग्रह. बन्सीधररावांनी महिनाभरात अहवालसुद्धा वाचून काढला.

मग एके दिवशी मागच्या गल्लीतली भक्ती आली. तलाठी भरतीची तयारी करत होती. घरात एकच खोली, त्यात टीव्ही आणि आजारी आजोबा. “काका, इथं पंखा आहे ना? बसू का?” तिनं विचारलं. असली भक्ती मंदिरात येईल हे समितीच्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ती बसली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन आली. महिन्याभरात मुलींना सतरंजी कमी पडायला लागली. परीक्षेसाठी आजीकडं राहायला आलेली तानुबाईची नातसुद्धा येऊन बसायला लागली, आणि ती पास होऊ नये म्हणून नाही, पण निदान पुढच्या आखाडानंतर व्हावी, अशी प्रार्थना आदिनाथ पडद्याकडं बघून मनोमन करायचा. घंटेचा त्रास होतो म्हणून मुलींनी संध्याकाळची आरती सातच्या आत उरकायला लावली. आदिनाथनं कुरकुर केली, तर भक्तीनं त्याला फलक वाचून दाखवला.

गेल्या रविवारी निवेदिता मॅडम वाचनालयात आल्या. मुलीच्या जुन्या पुस्तकांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला. त्यावर एक कागद होता.

“काका, ही पुस्तकं मुलींना. आणि ही तक्रारीची प्रत तुम्हाला. यावेळी वाचनालयाविरुद्ध आहे. सगळी जागा बगीच्याचीच होती, थोडी नाही.”

बन्सीधररावांनी चष्मा लावला आणि कागद सावकाश वाचला. मुली वाचायच्या थांबून दोघांकडं बघत होत्या.

“मुद्दा बरोबर हाय तुमचा,” ते म्हणाले. “फक्त खाली ‘त्वरित’ लिवलंय, ते काढा. त्या शब्दानं हपिसात कुणी उठत न्हाई.”

मॅडमनी हसू दाबलं आणि पेन काढून तो शब्द खोडला. बाहेर मोकळ्या जागेत त्यांची मुलगी गाजरगवत चुकवत सायकल चालवत होती. बन्सीधररावांनी सतरंजीवरची दोन गाइडं बाजूला सारून त्यांना बसायला जागा केली आणि पंखा एकानं वाढवला.